कोटेहून आणलेलं ट्रेडल

हेब्बाळच्या औद्योगिक वसाहतीत एका पुठ्ठ्याच्या गोदामात पाणी शिरलं होतं आणि किती नुकसान झालं ते बघायला विमा कंपनीनं भुवनला पाठवलं होतं. हे त्याचं नेहमीचंच काम. जळालेली दुकानं, बुडालेल्या मोटारी, छप्पर कोसळून चेपलेली यंत्रं. जे व्हायचं ते होऊन गेल्यावर तो तिथं पोचायचा, फोटो काढायचा, मापं घ्यायचा, आणि कुणाच्या रडण्यात न गुंतता, पण कुणाला न दुखावता, परत यायचा. त्या दिवशीही गोदामाचा मालक मागून कन्नडात काहीबाही सांगत होता आणि भुवन फुगून फुटलेल्या खोक्यांमधून वाट काढत चालला होता. कोपऱ्यात निळ्या ताडपत्रीखाली माणसाच्या उंचीचं काहीतरी उभं होतं. सवयीनं त्यानं ताडपत्रीचं टोक उचललं. खाली छपाईचं जुनं ट्रेडल होतं. एका बाजूला जड चाक, खाली पायानं मारायचं पेडल, वर शाईची गोल थाळी, आणि मधे त्या दोन लोखंडी पाट्या, जेवता जेवता थांबलेल्या तोंडासारख्या अर्धवट उघड्या. त्याच क्षणी भुवनच्या उजव्या हाताची बोटं तळव्यात मिटली. त्यानं मिटली नव्हती, ती मिटली. “ते सोडा सर,” मालक म्हणाला, “ते क्लेममध्ये नाही. भंगार आहे.” भुवननं डाव्या हातानं ताडपत्री खाली सोडली. मूठ मात्र मोटारीत बसेपर्यंत सुटली नाही, आणि किल्ली फिरवण्याआधी त्याला ती दुसऱ्या हातानं, एकेक बोट धरून, उघडावी लागली.

त्याला भीती वाटली नव्हती. भीती वाटली असती तर ती निदान ओळखीची असती. आपल्याच शरीराच्या एका कोपऱ्यात आपल्याला न विचारता काहीतरी चाललेलं असतं, भाड्यानं दिलेल्या खोलीत चालावं तसं, एवढंच त्याला जाणवलं, आणि घरी जाईपर्यंत तो सिग्नलला थांबला की स्टिअरिंगवरच्या त्या बोटांकडे परक्यासारखा बघत राहिला. पाचही होती. त्याच्या वडिलांच्या, अप्पांच्या म्हणजे तुकोजीरावांच्या, उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी एवढंच उरलं होतं. मधली तीन बोटं असल्याच एका ट्रेडलनं नेली होती, भुवन पहिलीत असताना. चामराजपुरमच्या घराची पुढची खोली तेव्हा छापखाना होती. लग्नपत्रिका, हळदीकुंकवाची बोलावणी, मराठा समाजाच्या सभेची पत्रकं, कन्नडात आणि कधीमधी मराठीतही. अपघात झाला तेव्हा भुवन तिथंच उंबऱ्यात बसला होता असं सगळे सांगायचे. त्याला त्यातलं काहीच आठवत नव्हतं. ना आवाज, ना रक्त. आठवत होतं ते नंतरचं. आईनं, नर्मदाबाईनं, त्याला दंड धरून अप्पांच्या पलंगाशी नेलं होतं आणि अप्पांचा पट्ट्यांत गुंडाळलेला हात उचलून त्याच्या डोक्यावर ठेवला होता. “ह्याच्या डोक्यावर हात ठेवून सांगा,” ती म्हणाली होती, “पुन्हा त्या मशीनला हात लावणार नाही.” तो हात हातासारखा नव्हता, उशीसारखा मऊ आणि मोठा होता, आणि त्याला टिंक्चरचा वास येत होता. अप्पा काय म्हणाले ते त्याला ऐकू आलं नव्हतं, कारण कापसानं त्याचे दोन्ही कान झाकले गेले होते. पण ते म्हणाले असणार, कारण आईनं श्वास सोडला होता आणि थोड्याच दिवसांत पुढची खोली रिकामी झाली होती. अप्पा एका सोसायटीत कारकून झाले. डाव्या हातानं लिहायला शिकले.

त्या शपथेखाली भुवन वाढला. त्याला गोवर निघाला आणि बरा झाला, सायकलवरून पडला आणि नुसतंच खरचटलं, तेव्हा तेव्हा आई देवापाशी दिवा लावून म्हणायची, “ह्यांनी शब्द पाळला म्हणून.” न्हाव्याच्या खुर्चीत बसल्यावर डोक्यावर हात पडला की आजही त्याची मान ताठ व्हायची. त्यानं कधी सुतारकाम केलं नाही, स्कूटरची साखळी स्वतः बसवली नाही, घरातला पंखा बिघडला तर तो माणूस बोलवायचा आणि माणूस शिडीवर असताना दुसऱ्या खोलीत जाऊन बसायचा. “तुम्ही कशातच हात घालत नाही हो,” असं त्याची बायको सुमा लग्नाच्या पहिल्या वर्षी म्हणाली होती, तेव्हा ती बहुधा सासू आणि नणंदेच्या भांडणाबद्दल बोलत होती. भुवनला मात्र ते वाक्य अगदी शब्दशः खरं वाटलं होतं, आणि त्यात तक्रार करण्यासारखं काय आहे हे कळलं नव्हतं.

आपण ते यंत्र शोधायला लागलो आहोत हे त्याच्या उशिरा लक्षात आलं. आधी तो संतेपेटेत दुसऱ्या कामासाठी गेला असताना एका ऑफसेटच्या दुकानात सहज विचारून आला. मग शिवरामपेटेत. “ट्रेडल? किलोवर गेली हो सगळी,” लोक सांगायचे, आणि खिळे, म्हणजे अक्षरांचे ते शिशाचे तुकडे, तर त्याही आधी वितळून गेले. गोकुलममध्ये एक आहे असं कळलं म्हणून तो तिथं गेला. योग शिकायला आलेल्या गोऱ्या मुलामुलींनी भरलेलं एक कॉफीचं दुकान होतं आणि दारातच ट्रेडल ठेवलं होतं, काळ्या तकतकीत रंगानं रंगवलेलं, चाकावर सोनेरी रेघा, शाईच्या थाळीवर मनीप्लँटची कुंडी. सांध्यासांध्यांत रंग वाळून त्याच्या दोन्ही पाट्या कायमच्या चिकटून गेल्या होत्या. ते बघून भुवनला हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं याचा जरासा रागही आला. ते त्यांचं नव्हतं. त्यांचं बरंच लहान होतं, एवढं त्याला कुठून तरी ठाऊक होतं. घरी आल्यावर सुमानं विचारलं, “पण ते मिळालं तर काय करणार आहात?” “बघायचं आहे.” “काय?” “किती नुकसान झालं ते,” तो म्हणाला, आणि सुमा हसली, मग त्याच्या चेहऱ्याकडे बघून हसायची थांबली. ती शाळेत गणित शिकवायची. उत्तर चुकलं की ती नेहमी आधी रीत बघायची.

शेवटी पत्ता दिला तो नागोजीरावांनी. गावातल्या सगळ्या छापखान्यांची यंत्रं एके काळी त्यांच्या हाताखालून गेली होती. आता ते मुलाच्या घरी ओसरीत बसून असत. “तुझ्या अप्पाचं ट्रेडल? कोटेला गेलं की रे,” ते म्हणाले. “मीच लॉरीवर चढवलं. सत्यनारायण म्हणून एक होता, नवीन प्रेस घालत होता तिकडं. पण तू मला काय विचारतोस? अप्पाला विचार की.” “अप्पांना नको.” “सरी, बरं,” म्हणत म्हाताऱ्यानं प्रेसचा पत्ता सांगितला. रस्त्यावर आल्यावर भुवनच्या तोंडात एकदम कबिनी नदीच्या माशांची चव आली. कोटे म्हणजे मासे. लहानपणी महिन्यातल्या एखाद्या रविवारी अप्पा सोसायटीच्या कामाला एच. डी. कोटेला जायचे आणि संध्याकाळच्या बसनं परत येताना पानात बांधलेले मासे आणायचे. आई लगेच चूल पेटवायची. तो दिवस सणासारखा असायचा. त्या चवीत आणि नागोजीरावांच्या बोलण्यात काहीतरी जुळत होतं, पण ते जुळवायचं त्यानं टाळलं. काही हिशेब आपण कागदावर उतरवले नाहीत तर ते सुटत नाहीत, हे त्याला धंद्यामुळे ठाऊक होतं.

सत्यनारायणाचा प्रेस कोटेच्या बाजाराला लागून होता. पत्र्याची शेड, बाहेर झेरॉक्सचा बोर्ड. आत कोपऱ्यात प्लास्टिकच्या खुर्च्यांमागे ट्रेडल उभं होतं. भुवननं या वेळी उजवा हात खिशातच ठेवला होता. सत्यनारायण सत्तरीचा, बारीक, गळ्यात मफलर गुंडाळलेला. मुलाला तिथं मोबाइलचं दुकान काढायचं होतं, त्यामुळे यंत्र कुणीतरी नेलं तर त्याला हवंच होतं. पण भुवननं नाव सांगताच तो खुर्चीतून उठला. “मेष्ट्रुंचा मुलगा?” त्यानं कन्नडात विचारलं. मेष्ट्रु म्हणजे मास्तर. भुवनला वाटलं, याचा काहीतरी घोटाळा होतो आहे. “माझे वडील शिक्षक नव्हते,” तो म्हणाला. “मला तर त्यांनीच शिकवलं,” सत्यनारायण म्हणाला. “मशीन आलं त्याच्याबरोबर ते स्वतः लॉरीत बसून आले. हाताला पट्टी होती अजून. कागद कसा घालायचा, हात कधी मागं घ्यायचा, सगळं उभं राहून सांगितलं. मग येतच राहिले. महिन्यातून एक रविवार. मी त्यांच्यासाठी कामं राखून ठेवायचो.” “बघायला यायचे?” “बघायला कशाला येतील? चालवायचे. उजवा हात असा पाठीशी,” त्यानं आपला हात पाठीमागे नेऊन दाखवला, “आणि डाव्यानंच घालायचं, डाव्यानंच काढायचं. सावकाश. पण थकायचे नाहीत. जाताना साबण लावून हात धुवायचे, मासे घ्यायचे आणि बस पकडायचे.” त्यानं मफलर सारखा केला. “तुमच्या अम्मा वारल्यावर मात्र एकदाही आले नाहीत. मी निरोप पाठवले. आता कुणाची आडकाठी नाही, या म्हटलं. नाही आले.”

भुवन यंत्राकडे बघत होता. यंत्रात अजून शेवटच्या कामाचा फर्मा, म्हणजे अक्षरांची जुळणी, कसलेला होता. एका गुरांच्या जत्रेचं पत्रक, जे छापून न्यायला कुणी आलंच नव्हतं. उलटी कन्नड अक्षरं धुळीनं बुजली होती. त्याला वाटलं, आता राग यायला हवा. त्यानं रागाची वाट पाहिली, जशी तो पंचनाम्याच्या वेळी पोलिसांची पाहायचा. आईला फसवलं होतं. त्याच्या डोक्यावर ठेवलेला शब्द महिन्याच्या महिन्याला, पद्धतशीर, कित्येक वर्षं मोडला गेला होता, आणि त्या सगळ्या वर्षांत त्याला गोवर निघाला होता, तो सायकलवरून पडला होता, नापास होता होता राहिला होता, आणि जिवंत होता. ज्या छपराखाली आपण भिजलो नाही ते छप्पर नव्हतंच, असं कुणीतरी आता सांगत होतं. मग भिजलो का नाही? पाऊसच नव्हता? की अंगाला पाणी लागलं आणि कळलं नाही? राग काही आला नाही. भूक मात्र लागली, आणि हँडपोस्टच्या फाट्यावर एका हॉटेलात बसून तो पोटभर जेवला. जेवताना त्याच्या मनात आलं, की ते मासे त्यानंही खाल्ले होते, मिटक्या मारत, आणि आणखी मागून.

टेम्पो चामराजपुरमच्या घरापुढे आला तेव्हा अप्पा ओसरीत पेपर वाचत होते. नागोजीरावांनी धाडलेली माणसं दोर बांधून यंत्र उतरवू लागली. भुवननं काय सांगायचं ते वाटेत ठरवलं होतं: कुठंतरी मिळालं, सहज घेतलं, जुन्या वस्तूंचा लोकांना असतो तसा नाद. अप्पांनी पेपर खाली केला. त्यांनी यंत्राकडे बघितलं, मग भुवनकडे. ऐंशी पार केलेल्या त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही.

“सत्यनारायण बरा आहे?” त्यांनी विचारलं.

“बरा आहे.”

“सरी,” असं म्हणून ते काठी टेकत आत गेले.

पुढच्या खोलीतली स्कूटर बाहेर काढून तिथं ट्रेडल ठेवलं गेलं. त्यानंतर अप्पा त्या खोलीत आले नाहीत. फिरायला जायचं तर ते मागच्या दारानं, गल्लीला वळसा घालून जायचे. घरात कुणी त्याबद्दल बोललं नाही. न बोलण्याची या घराला सवयच होती. भुवन कामावरून आला की जुना शर्ट घालून त्या खोलीत शिरायचा. आधी नुसता बघत बसायचा. मग एके दिवशी त्यानं रॉकेलमध्ये फडकं बुडवलं आणि चाकाची एक काडी पुसली. गंज तपकिरी गाळासारखा निघाला आणि खालून काळसर निळं लोखंड दिसलं, थंड, बारीक दाण्यांचं. दुसऱ्या दिवशी दुसरी काडी. हातात पाना धरून बोल्ट सैल करायला तो या वयात शिकला. काही बोल्ट तेल पाजून आठवडाभर ठेवले तरी हलायचे नाहीत आणि मग एका संध्याकाळी, काहीच कारण नसताना, सुटायचे. त्या सुटण्याचा धक्का खांद्यापर्यंत यायचा आणि त्याला विलक्षण समाधान वाटायचं. तेलाची भोकं जुन्या वंगणानं दगडासारखी बुजली होती, ती त्यानं तारेनं कोरली. शाईचे रूळ सरसाचे होते, ते उंदरांनी आणि उन्हाळ्यांनी खाऊन संपवले होते. नागोजीरावांच्या ओळखीनं हेब्बाळला नवे रबराचे करून आणले. गुरांच्या जत्रेचा फर्मा त्यानं सोडला नाही. जुन्या ब्रशनं अक्षरांतली धूळ काढली, एवढंच. आयुष्यभर तो मोडलेल्या वस्तूंपुढे उभा राहून त्यांची किंमत ठरवत आला होता. वस्तू परत जागेवर येताना त्यानं कधी पाहिली नव्हती, आणि त्याला वाटलं होतं त्याहून ते फार संथ आणि फार कंटाळवाणं होतं, म्हणूनच कदाचित सुखाचं. भिंतीपलीकडे अप्पांची खाट होती. ठोकाठोकीचा प्रत्येक आवाज त्यांना ऐकू जात असणार. कधी कधी भुवन हातोडी थांबवायचा आणि पलीकडून खोकल्याचा आवाज यायचा, आणि तो पुन्हा सुरू करायचा. बोलणं झाल्यासारखं वाटायचं.

यंत्राच्या दोन पाट्या एका पुस्तकासारख्या उघडतात आणि मिटतात. एकीवर खिळ्यांचा फर्मा, दुसरीवर कागद. उघडल्या की तेवढ्या वेळात छापलेला कागद काढायचा आणि कोरा ठेवायचा, आणि हात बाहेर. हे सगळं आता भुवनला समजलं होतं. म्हणून यंत्र जुळून तयार झाल्यावर त्यानं वेल्डरकडून एक लोखंडी जाळीची चौकट करून घेतली आणि ती पाट्यांच्या तोंडापुढे बसवली. आता बोट आत जाऊच शकत नव्हतं. कागदही जाऊ शकत नव्हता, पण ते तो स्वतःशी मान्य करत नव्हता. चौकट बसवली त्या दिवशी त्यानं चाकाला हात घालून ते एकदा फिरवलं. पाट्या उघडल्या, मिटल्या, उघडल्या. आवाज त्याला वाटला होता तसा नव्हता. झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखा होता. बोटं जागच्या जागी होती. त्यानं कामाचा शेवट झाल्यासारखे हात पुसले.

“मामंजी विचारत होते,” जेवताना सुमा म्हणाली, “की मशीनला ते कुंपण कसलं घातलंय.”

“त्यांनी बघितलं कधी?”

“तुम्ही ऑफिसला गेल्यावर रोज जातात की ते तिकडं. तुम्हाला काय वाटलं?”

भुवनला काहीच वाटलं नव्हतं. त्यानं पुढचा घास घेतला. पुढच्या रविवारी दुपारी तो खोलीत असताना दारात काठी वाजली. अप्पा आत आले आणि स्टुलावर बसले. उजवा हात त्यांनी नेहमीप्रमाणे धोतराच्या सोग्याखाली ठेवला होता. यंत्राकडे बघून ते म्हणाले, “चांगलं केलंस. ते तेवढं काढ. त्याच्यातनं कागद कुठनं घालणार?”

“घालायचा नाहीच आहे, अप्पा. नुसतं चालू करायचं होतं.”

“मत्ते, मग कशाला आणलंस?”

 भुवननं उलट विचारलं, आणि विचारताना आपला आवाज एखाद्या साक्षीदाराला विचारावा तसा सपाट लागतो आहे हे त्याला ऐकू आलं. “आईला शब्द दिला होता ना तुम्ही? माझ्या डोक्यावर हात ठेवून?”

“दिला होता.”

“आणि तरी जात होता.”

अप्पांनी सोग्याखालचा हात बाहेर काढला आणि मांडीवर ठेवला. अंगठा आणि करंगळी, मधे गुळगुळीत, तांबूस, जुन्या चामड्यासारखी जागा. “हा हात ठेवला होता तुझ्या डोक्यावर,” ते म्हणाले. “हा मी कधी लावला नाही मशीनला. ह्यानं शब्द पाळला.” क्षणभर ते हसतील असं भुवनला वाटलं, पण ते हसले नाहीत. “नाटक आहे हे, मला ठाऊक आहे. पण तेवढंच होतं माझ्याजवळ. त्याच्यावर निभावलं.”

“तिला कळलं असतं तर?”

“शर्ट कोण धुवायचं माझे?” अप्पा म्हणाले. “शाई कपड्याची जाते काय? मासे आणायचो, म्हटलं वास झाकेल. रॉकेलचा वास माशानं झाकत नाही रे. पहिल्या रविवारीच कळलं असणार तिला. दुसऱ्या महिन्यात जायच्या दिवशी बघतो तर खुंटीला जुना शर्ट काढून ठेवलेला. चांगला शर्ट आत घडी करून.”

“तुम्ही बोललात तिच्याशी?”

“नाही.”

“ती?”

“ती कशाला बोलेल? बोलली असती तर मोडली असती शपथ.”  बाहेर जवळच्या स्टेशनात गाडी शिरल्याची घोषणा चालू होती. ती संपल्यावर ते म्हणाले, “ती गेली मत्ते मी खुंटीकडं बघितलं. काही नव्हतं. मग कुठं जाणार?”

भुवनच्या मनात आईचा तो दिवा आला, आणि ‘ह्यांनी शब्द पाळला म्हणून’ हे वाक्य. ती कुणाला सांगत होती ते? त्याला, की देवाला, की भिंतीपलीकडे बसून ऐकणाऱ्या माणसाला? इतकी वर्षं तो स्वतःला त्या शपथेच्या मधोमध समजत आला होता, ज्याच्या डोक्यावर सगळा भार आहे असा. प्रत्यक्षात ती दोघंजण त्याच्या डोक्यावरून एकमेकांशी बोलत होती आणि त्याला फक्त कापूस लागला होता. हे कळून सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. पण जास्त वाटलं ते असं, की आपण एका घरात राहत होतो आणि त्याची एक खोली आपल्याला कुणी दाखवलीच नाही. त्यानं पाना उचलला आणि चौकटीचे बोल्ट सोडवायला घेतले. ते नवे होते, लगेच निघाले. चौकट त्यानं भिंतीशी टेकवून ठेवली.

“तुम्ही घालता?” त्यानं विचारलं.

अप्पांनी डावा हात पुढे धरला. तो थरथरत होता. गेल्या वर्षापासून कपही धरता येत नसे. “माझं आता नाही जमत. तू घाल. पेडल मारू नकोस, आधी हाताला कळू दे. चाक मी फिरवतो.” सुमाला हाक मारून त्यांनी शाळेतले एका बाजूनं कोरे कागद मागवले. ती घेऊन आली आणि दारातच, उंबऱ्याशी, हाताची घडी घालून उभी राहिली.  भुवननं थाळीवर शाई लावली. अप्पा काठी ठेवून चाकापाशी आले आणि त्यांनी डावा तळवा चाकाच्या काठावर टेकवला. लोखंडावर हात पडला तसा तो थरथरायचा थांबला, किंवा भुवनला तसं दिसलं. “ऐक,” ते म्हणाले. “मशीन काही कुणाचा हात ओढत नाही. त्याला कुठं ठाऊक असतं? मी घातलेला कागद जरा वाकडा बसला होता. नीट करायला गेलो मी. एवढंच झालं. लग्नाची पत्रिका होती. वाकडी छापली असती तर एक वाया गेली असती.” त्यांनी चाकाला जोर दिला. “वाकडा पडला तर पडू दे. हात मागं.”

रूळ थाळीवर चढले, उतरले, अक्षरांवरून गेले. पाट्या उघडल्या. पहिल्या वेळी भुवननं काहीच घातलं नाही, आणि अप्पा चाक फिरवत राहिले. दुसऱ्या वेळीही नाही. तिसऱ्यांदा त्यानं कागद धरलेला हात त्या उघड्या जागेत नेला. तिथं थोडं गार होतं, शाईचा वास होता, आणि दोन्ही बाजूंना लोखंडाचं असणं त्वचेला, न शिवताही, जाणवत होतं. त्याला वाटलं होतं आता काहीतरी आठवेल; उंबरा, आवाज, काहीतरी. काही आठवलं नाही. तिथं फक्त एक जागा होती आणि तिच्यात त्याचा हात होता. त्यानं कागद ठेवला. तो ठेवला गेला आणि खालच्या टोकानं घसरला, तिरपा. त्याची बोटं अजून आतच होती. एवढं एक टोक वर सारलं की झालं, असं ती म्हणत होती, आणि वेळ होता, भरपूर वेळ होता, निदान तसं वाटत होतं. अप्पांकडे बघायला तो वळला नाही. चाकाचा वेग बदलला नव्हता, ते त्याला पायाखालच्या फरशीतून कळत होतं. त्यानं हात मागे घेतला. पाट्या मिटल्या, उघडल्या, आणि गुरांच्या जत्रेचं पत्रक, तारीख होऊन गेलेलं, कागदावर उतारावरून घसरत गेल्यासारखं तिरकं उमटलेलं दिसलं. शाई ओली होती.

“बिडु, सोड ते,” अप्पा म्हणाले. “दुसरा घे.”

चाक फिरतच होतं. भुवननं तो कागद काढून बाजूला ठेवला आणि गठ्ठ्यावरचा दुसरा उचलला.